ट्रीटमेंट छान, पण हात धुण्याच्या बाबतीत २ स्टार

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, सहा दिवस जनरल वॉर्डात होतो. डॉक्टर मस्त, नर्सही प्रेमळ, पण शेजारच्या बेडचं ड्रेसिंग करून त्याच ग्लोव्हजने आईच्या सलाईनला हात लावताना मी दोनदा बघितलं आणि शेवटी बोललेच. अहो ग्लोव्हजवरूनसुद्धा एमआरएसएसारखे (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारे) जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात! सॅनिटायझर चोळायला २०-३० सेकंद लागतात फक्त, पण बेडला अडकवलेली बाटलीच रिकामी. आणि जुलाबाच्या पेशंटनंतर तर साबण-पाणीच लागतं कारण सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचे स्पोअर्स (टणक कवचातली सुप्त रूपं) अल्कोहोलने मरत नाहीत, तर बेसिनवर साबण नाही. हेड सिस्टरांना सांगितल्यावर मात्र दहा मिनिटांत दोन्ही आलं, म्हणून एक स्टार वाढवला.