सोडणाच्या राखेचं पोतं: पोटॅशसाठी घ्यावं का?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘सोडणाची राख’ (सोडण म्हणजे नारळाचं बाहेरचं तंतुमय आवरण) म्हणून विकली जाणारी सगळी पोती सारखी नसतात. सुक्या, ताज्या सोडणांची आणि पाऊस न लागलेली राख असेल तर जरूर घ्या, उत्तम माल आहे. खाडीत कुजत घातलेल्या सोडणांची मात्र घेऊ नका. काथ्यासाठी सोडणं महिनोन्‌महिने पाण्यात राहतात, तेवढ्यात पोटॅश निघून जातं आणि मीठ आत शिरतं. भट्टीच्या राखेत काचेसारखे खडे असतील तर तेही चाळून टाका. जास्त तापल्याने पोटॅश वाळूशी वितळून बसलेलं असतं, ते पाण्यात उतरत नाही.

कस घरीच कळतो. १०० ग्रॅम सुकी राख अर्धा लिटर कडकडीत पाण्यात रात्रभर ठेवा, निवळ ओतून घ्या, साका धुऊन वाळवा आणि तोला. जेवढी घट, तेवढे विरघळणारे क्षार. निवळ आटवून दाट करा आणि त्यात लिंबू पिळा. चांगला फेस आला तर पोटॅशचं कार्बोनेट आहे. घट मोठी पण फेस नाही, तर बहुधा खाडीचं मीठच.

क्षार काढायला बुडाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बादली पुरते. तळाशी काथ्या, वर सुती कापड, त्यावर ५ किलो राख. गरम पाणी थोडं थोडं घाला. एकदम ओतलं की राखेत वाट पडते, पाणी तिथूनच पळतं आणि बाकीची राख कोरडी राहते. पहिला निथळ सर्वात कसदार, चहाच्या रंगाचा असला तरी चालतो. तो लोखंडी किंवा स्टीलच्या कढईत आटवा. ॲल्युमिनियम नकोच, हा क्षार ते खातो. हातमोजे आणि चष्मा घाला.

आटवताना आधी पोटॅशच्या सल्फेटचे खडे बसतात, मग क्लोराइडचे. २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात सल्फेट सुमारे ११ ग्रॅम, क्लोराइड ३४ आणि कार्बोनेट ११० ग्रॅम विरघळतं, म्हणून कार्बोनेट शेवटच्या दाट पाण्यात राहतं. क्लोराइडचे खडे माडाला खुशाल घाला, माडाला क्लोरीन मानवतं. कार्बोनेट सुकवून लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोकणच्या दमट हवेत उघडं ठेवलं की त्याचं पाणी होतं.

साका फेकू नका. त्यात चुना, मॅग्नेशियम आणि थोडं स्फुरद उरतं, जांभ्याच्या आम्ल मातीला ते हवंच असतं. फक्त ओल्या शेणात किंवा युरियात मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाईल.