चांदी की गोदाम? अमेरिकी शेतकऱ्यांच्या दोन मागण्या

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उभ्या राहिलेल्या शेतकरी आंदोलनावर निबंध लिहायचा किंवा व्याख्यान द्यायचं, तर आधी एक ठरवावं लागतं: केंद्रस्थानी चांदी ठेवायची की सरकारी गोदामं? दुखणं एकच होतं. उत्पादन वाढत होतं, चलन सोन्याला बांधलेलं, त्यामुळे भाव पडत गेले. शंभर डॉलरचं कर्ज कागदावर शंभरच राही, पण ते फेडायला दरवर्षी जास्त पोती विकावी लागत.

चांदीची मागणी समजायला सोपी. १८७३च्या कायद्याने चांदीची डॉलर नाणी पाडणं थांबलं. ती १६ भाग चांदीला १ भाग सोनं या दराने पुन्हा अमर्याद पाडा. मागे पश्चिमेकडच्या खाणमालकांचा पैसा आणि १८९६ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यासारखा वक्ता. साहित्य भरपूर मिळतं. मराठी श्रोत्यांना जवळचा धागाही आहे: जून १८९३मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळी खासगी चांदीला बंद केल्या आणि जगभर चांदी आणखी कोसळली. १८९६ साली बाजारात १ भाग सोन्याला सुमारे ३० भाग चांदी लागत होती, म्हणजे मागणीतल्या १६ला १ दराच्या जवळपास दुप्पट.

तरीही मी गोदामांच्या बाजूचा आहे. फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेचे नेते चार्ल्स मॅक्यून यांनी १८८९मध्ये मांडलेली योजना अशी: टिकाऊ पीक सरकारी गोदामात ठेवा, किमतीच्या ८० टक्के रक्कम १ टक्का व्याजाने कागदी चलनात उचला, वर्षभरात भाव बघून विका. दक्षिणेत बियाणं, किराणा, अवजारं उधार देणारा दुकानदार उभ्या पिकावरच बोजा चढवी. सुगीत भाव पडलेला असताना कापूस त्याच्याच दारात जाई. ही योजना नेमकी त्या दाराला हात घालते. चांदीने चलन वाढलं असतं, पण दुकानदाराची वही तशीच राहिली असती. गोदामांचा प्रश्नही सोपा नाही: ज्या कुळाचं पीक आधीच गहाण, त्याची पहिल्या वर्षी सुटका कशी?

या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या पीपल्स पार्टीच्या १८९२च्या ओमाहा जाहीरनाम्यात दोन्ही मागण्या होत्या. त्या वर्षी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार वीव्हर यांना दहा लाखांवर मतं पडली. १८९६ला पक्षानेही डेमोक्रॅट ब्रायन यांनाच उमेदवारी दिली, गोदामं मागे पडली, आणि रिपब्लिकन मॅकिन्ली २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी जिंकले. पुढे दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं आलं, भाव चढले, चांदीचा मुद्दा विरला.

निवडणुकीची कथा सांगायची असेल तर चांदी घ्या. शेतकऱ्याचं कर्ज समजावायचं असेल तर गोदामं, आणि तिथून १९३३च्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनपर्यंत जा: पीक तारण ठेवून सरकारी कर्ज तेव्हा प्रत्यक्ष मिळू लागलं.