रविवारची वाचनं शनिवारी वाचावीत की सोमवारपासून?

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची उपासना, आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं खाली थांबलं होतं. मुलाने विचारलं, "काका, रविवारच्या वाचनांवर घरी दोघांनी मिळून बसायचं ठरवलंय. पण आधी वाचून यायचं, की मिस्सा झाल्यावर आठवडाभर घ्यायचं?" मी घाईत म्हणालो, "काहीही करा, पण सोडू नका." घरी येईपर्यंत ते उत्तर मलाच टोचत राहिलं. दोन्ही पद्धती मी वर्षानुवर्षं केल्या आहेत आणि त्या सारख्या नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रविवारच्या मिस्सेत बायबलमधली तीन वाचनं असतात: पहिलं बहुधा जुन्या करारातलं, दुसरं बहुधा प्रेषितांच्या पत्रांतलं आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला भाग; ती अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्राने फिरतात. माझा धंदा हिशेबाचा, म्हणून एक खूण तेवढी सांगतो. सनाला ३ ने पूर्ण भाग गेला की ते क वर्ष, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचं. २०१९, २०२२, २०२५. फक्त हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आधीच्या सनातल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळात, सुरू होतं. २०१६ च्या आगमनकाळापासून २०१९ च्या ऑगस्टपर्यंत मी आधी वाचून जाणारा होतो. तेव्हापासून आजपर्यंत नंतर वाचणारा आहे.

आधी वाचण्याची बाजू पहिल्यांदा मांडतो, कारण तिने मला खूप दिलं. सांगलीच्या गणपती पेठेत एका व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहितो. शनिवारी रोजमेळ मिटवून घरी यायचो, जेवणं उरकली की बायबल आणि वही घेऊन बसायचो. तिन्ही वाचनं ओळीने वाचली की सामान्य काळात, म्हणजे नाताळ आणि ईस्टरच्या काळांबाहेरच्या आठवड्यांत, एक गोष्ट स्वच्छ दिसायला लागते. पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळवूनच निवडलेलं असतं. क वर्षातला पंचविसावा रविवार घ्या. आमोस संदेष्टा व्यापाऱ्यांना धरतो. शब्बाथ कधी संपतो आणि आम्ही धान्य विकायला काढतो, माप लहान करू, तराजू खोटा करू, गव्हाचं चाळून उरलेलं भूसही विकू, असं त्यांच्या मनातलं तो बोलून दाखवतो. आणि लूकच्या शुभवर्तमानात तो कारभारी येतो, जो धन्याच्या देणेकऱ्याला बसवून शंभराच्या जागी पन्नास लिहायला लावतो. 'मापात पाप' हे पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पण दोन्ही वाचनं शेजारी ठेवून वाचली त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती. चर्चमध्ये एकदाच कानावर पडलं असतं तर शुभवर्तमान येईपर्यंत आमोस विसरलो असतो. दुसऱ्या वाचनाचं मात्र तसं नाही. सामान्य काळात प्रेषितांची पत्रं आपल्या वाटेने आठवड्यामागून आठवडा पुढे चालतात. त्यांचा बाकीच्या दोघांशी ओढूनताणून मेळ घालू नये.

शिवाय काहींना आधी वाचण्यावाचून गत्यंतरच नाही. ज्याला मिस्सेत सगळ्यांपुढे उभं राहून वाचायचं आहे त्याने तयारी केलीच पाहिजे. कडेवर तान्हं मूल असलं की मिस्सेत एक वाचन तरी हातचं जातंच. मिस्सा इंग्रजीत असेल आणि तुमचं मन मराठीत चालत असेल, तरी शनिवारी मराठीतून वाचून गेलेलं बरं.

आता मला नडलेली गोष्ट.

वाचक पुढे येऊन उभा राहायचा, पुस्तकाचं नाव घ्यायचा, आणि माझं मन दोन ओळी पुढे जाऊन थांबलेलं असायचं. पुढचा शब्द ठाऊक, त्याच्या पुढचाही ठाऊक. तो वाचक कुठे अडखळतो, कुठला शब्द गाळतो एवढंच माझ्या कानात शिरायचं. प्रवचनाच्या वेळी त्याहून वाईट. वहीत मी तीन मुद्दे काढलेले असायचे. फादरांच्या तोंडून पहिला आला की समाधान. दुसरा राहिला की चुटपुट. तिसरा वेगळ्याच अंगाने आला की मनातल्या मनात वाद. एका रविवारी बायकोने हळूच माझा हात धरला. माझं उजवं बोट मांडीवर आपटत होतं. व्हाउचर तपासताना आकडा जुळला की पेन्सिलीने टिक करतो, अगदी तसं. ती काही बोलली नाही. पण मला कळलं. मी देवाचा शब्द ऐकत नव्हतो, पडताळत होतो.

विश्वास ऐकण्यातून येतो असं पौल रोमकरांना लिहितो. मिस्सेतलं वाचन मुळात कानांसाठी आहे, आणि माझे कान तर शनिवारीच भरून गेलेले असायचे. मी वही बंद केली, नुसतं वाचून गेलो. मग फक्त शुभवर्तमान वाचून गेलो. सहा महिने असे प्रयोग केले. बोट थांबलं, मन थांबलं नाही, म्हणून वही पुन्हा उघडली. हा दोष पद्धतीचा की माझ्या पेशाचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आधी वाचल्याने ज्यांचे कान अधिक उघडतात अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

तरीही केवळ तेवढ्यावरून मी पद्धत बदलली नसती. ४ ऑगस्ट २०१९ ला सामान्य काळातला अठरावा रविवार होता. जुन्या करारातल्या उपदेशक या पुस्तकातलं 'सर्व काही व्यर्थ', आणि लूकच्या बाराव्या अध्यायातला तो धनवान शेतकरी, ज्याला पीक ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून तो जुनी कोठारं मोडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. शनिवारी माझ्या वहीत तीन मुद्दे तयार होते: लोभ, साठवण, मरणाचं भान. रविवारी तिन्ही प्रवचनात आले. मी खूश होऊन घरी आलो.

सोमवारपासून कृष्णा चढायला लागली. जो तो सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते विचारत होता. आम्ही चौघे मालकांच्या गोदामात पोती वर चढवत होतो, कारण हमाल आपापली घरं सांभाळायला गेले होते. तळाला तूरडाळ, त्यावर गूळ, सगळ्यात वर साखर. फळ्या संपल्या तेव्हा दुकानातली बाकं आणून त्यावर पोती रचली. शेवटी उंबऱ्यातून पाणी आत आलं, चपलेखाली थंडगार लागलं, आणि मी माळ्याकडे बघत स्वतःशी म्हणत होतो, वर अजून जागा असती तर. जागा असती तर! तिथेच मला तो शेतकरी आठवला. ही तर त्याचीच बोली होती, शब्दाला शब्द. आमच्या भागात कोठार काय हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं साऱ्या मुलखाला माहीत आहेत, आणि २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांत शिरलं तेव्हाच्या गोष्टी मी अनेकदा ऐकल्या होत्या. यातलं काहीही शनिवारी माझ्या वहीत नव्हतं. आणि रविवारी ते सुचायला जागाही उरली नव्हती, कारण ते वाचन माझ्या लेखी संपलेलं होतं.

पुढच्या रविवारी, ११ ऑगस्टला, आम्ही मिरजेत मेव्हणीच्या घरी होतो. मिस्सेला जाता आलं नाही. शेजारच्या प्रॉटेस्टंट कुटुंबाने आपलं बायबल दिलं. त्या दिवशीचं पहिलं वाचन ज्ञानग्रंथातलं होतं. आपल्या कॅथलिक बायबलमधली सात पुस्तकं त्यांच्या प्रतीत नसतात, त्यामुळे ते मिळालं नाही. मग थेट शुभवर्तमानच काढलं. वीज नव्हती. मेव्हणीच्या मुलीने मेणबत्तीपाशी धरून वाचलं, "हे लहान कळपा, भिऊ नको." पुढे कंबर बांधून दिवे पेटते ठेवण्याचं वचन आलं. एका खोलीत आम्ही आठ जण. माझ्याजवळ ना वही होती, ना मुद्दे. तीन वर्षांत पहिल्यांदा मी पुढची ओळ ठाऊक नसल्यासारखा ऐकत होतो.

तेव्हापासून रविवारी मी फक्त ऐकतो. लिहीत नाही, घरी येऊन लगेच उघडतही नाही. सोमवारी रात्री शुभवर्तमान एकदा वाचतो आणि त्यातलं अडकलेलं एकच वाक्य वहीत उतरवतो. आठवड्यात त्या वाक्याला काही येऊन भिडलं तर खाली एक ओळ लिहितो. नाही भिडलं तर कोरं सोडतो. गुरुवारी पहिलं वाचन घेतो. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या, कार्थुसियन या मठवासी संघातल्या संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. शनिवारच्या दीड तासात मी चारही पायऱ्या चढून मोकळा व्हायचो. आता एका पायरीवर दोन-दोन दिवस जातात.

या पद्धतीतही उणिवा आहेत. प्रवचन मूळ वचनावर बसून जातं, आणि सोमवारी शुभवर्तमानाऐवजी फादरांनी दिलेलं उदाहरणच आठवतं. मी मध्ये एक रात्र जाऊ देतो ती त्यासाठीच. मिस्सा चुकली तर आठवड्याचा पायाच राहत नाही. रोजच्या मिस्सेची वाचनं पाळणाऱ्याची तर फार ओढाताण होते, कारण ती वेगळ्याच चक्राने चालतात. मोबाइलवर रोज सकाळी येणारी चिंतनं चांगली असतात, पण वचनाखालीच तयार चिंतन असलं की डोळा तिकडे घसरतो. गुरुवारपर्यंत मी ती उघडत नाही.

तरी पारडं का झुकलं ते सांगतो. ३१ जुलै २०२२ ला तोच अठरावा रविवार पुन्हा आला. गोदाम आठवणारच होतं, पण सोमवारी लिहायला बसलो तेव्हा वाक्य दुसरंच अडकलं होतं. ती गोष्ट येशू सांगतो कशामुळे? गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, त्याने वारशातला माझा वाटा मला द्यावा. २०१९ च्या माझ्या तीन मुद्द्यांत हा माणूस कुठेच नव्हता. बुधवारी संध्याकाळी दादाचा गावाहून फोन आला. "वाटणीपत्रावर सही करायला येतोस ना? की अजून विचारच चाललाय?" घराची पुढची बाजू कुणाला आणि परसाची कुणाला, यावर आम्ही दोन वर्षं अडून होतो. एरवी मी तिथेच आवाज चढवला असता. त्या दिवशी ते वाक्य माझ्याच हाताने लिहिलेलं होतं आणि वही समोर होती. म्हटलं, "येतो दादा. तू म्हणशील ती बाजू." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "जेवायलाच ये. वहिनी वाट बघेल." मी परसाची बाजू घेतली. तिकडे आईने लावलेला कढीपत्ता आहे.

हे शनिवारी वाचूनही झालं असतं का? झालं असतं कदाचित. माझ्या बाबतीत मात्र शनिवारचं वाचन रविवारी दुपारी संपायचं, आणि दादाचा फोन बुधवारी आला.

मध्यंतरी दोन्ही पद्धती एकत्र करून पाहिल्या. तीन आठवडे टिकलं. सोमवारी वाचायला बसलो की शनिवारचंच आठवायचं.

तर त्या जोडप्याला माझं सांगणं असं. दोघांपैकी कुणी वाचक असेल तर त्या आठवड्यापुरतं आधी वाचा. पुढे घरात बाळ आलं की काही वर्षं शनिवार धरा, त्यात कमीपणा काही नाही. पण आज दोघे मोकळे आहात, शेजारी बसून मिस्सा ऐकता, तर मी सोमवार सुचवेन. वही एकच ठेवा आणि प्रत्येक रविवारला एक पूर्ण पान द्या. १९६९ मध्ये नवं वाचनचक्र येईपर्यंत रविवारची तीच वाचनं दरवर्षी यायची. आता तेच पान तीन वर्षांनी उघडतं, आणि मधल्या काळात आपलं काय काय झालं ते त्यावर ओळीखाली ओळ दिसत राहतं.

माझ्या अठराव्या रविवारच्या पानावर २०१९ ची नोंद पूर ओसरल्यावर लिहिलेली आहे, खाली २०२२ ची. २०२५ मध्ये, ३ ऑगस्टच्या आठवड्यात, फक्त वाक्य उतरवलं, खाली काही आलं नाही. पुढचं क वर्ष २०२८. पण त्या वर्षी हा रविवार नेमका ६ ऑगस्टला येतो, आणि त्याच तारखेचा प्रभूच्या रूपांतराचा सण त्या रविवारची वाचनं बाजूला सारतो. म्हणजे रविवारच्या मिस्सेत त्या शेतकऱ्याची गाठ आता थेट ३ ऑगस्ट २०३१ ला. पानावर चार बोटं जागा सोडून ठेवली आहे.