उगम सांगायचाय, 'कम', 'डिराइव्ह', 'स्टेम' की 'ओरिजिनेट'?

एखादी गोष्ट कुठून आली हे इंग्रजीत लिहायचं म्हटलं की अनेकांचा हात आधी 'ओरिजिनेट'कडे जातो, कारण ते भारदस्त वाटतं. मी म्हणेन, आधी 'कम फ्रॉम' वापरून पाहा. माणूस, शब्द, आवाज, पैसा, सवय, कशालाही ते चालतं आणि कुठेच खटकत नाही.

सांभाळायचा तो काळ. 'शी कम्स फ्रॉम केनिया' म्हणजे ती मूळची केनियाची. 'शी इज कमिंग फ्रॉम केनिया' म्हटलं की ती वाटेत आहे किंवा निघणार आहे, असा अर्थ होतो. मराठीत आपण 'हा शब्द अरबीतून आला आहे' म्हणतो, म्हणून 'हॅज कम' लिहावंसं वाटतं. पण मूळ सांगताना साधा वर्तमानकाळच शोभतो: 'द वर्ड अल्जिब्रा कम्स फ्रॉम अरेबिक'.

व्युत्पत्ती, सूत्र किंवा एका पदार्थापासून काढलेला दुसरा पदार्थ असेल, तर 'डिराइव्ह' जास्त नेमकं. 'सॅलरी'चं मूळ लॅटिन 'सॅलॅरियम'. तिथे 'डिराइव्ह्ज फ्रॉम' लिहा नाहीतर 'इज डिराइव्ह्ड फ्रॉम', दोन्ही शुद्ध. घोटाळा इथूनच सुरू होतो. त्याच साच्यात लोक 'इज ओरिजिनेटेड फ्रॉम' आणि 'इज स्टेम्ड फ्रॉम' बसवतात, आणि ही दोन्ही रूपं चूक आहेत. या अर्थाने ती क्रियापदं कर्मणी होत नाहीत. 'इज' काढून टाका, वाक्य सरळ होतं.

'स्टेम फ्रॉम' कारणासाठी राखून ठेवा, त्यातही अडचण, भीती, गैरसमज यांच्या. 'द डिले स्टेम्स फ्रॉम पुअर प्लॅनिंग' हे वाक्य फार नेटकं आहे. माणसाच्या गावाला किंवा देशाला मात्र ते लावू नका. तिथे 'कम' पुरतं. बातमीच्या थाटात लिहायचं असेल तर 'हेल फ्रॉम'.

मग 'ओरिजिनेट' कधी? एखादी प्रथा, खेळ, रोग पहिल्यांदा कुठे किंवा केव्हा सुरू झाला हे सांगायचं असेल तेव्हा. ठिकाण आलं की सोबत 'इन' घ्या: 'कॉफी ओरिजिनेटेड इन इथिओपिया'.

वस्तू कशाची बनली हा प्रश्न असेल, तर यातलं एकही नको. लाकूड टेबलात लाकूड म्हणूनच दिसतं, म्हणून 'मेड ऑफ वुड'. द्राक्षं वाइनमध्ये द्राक्षं राहत नाहीत, म्हणून 'मेड फ्रॉम ग्रेप्स'.