चालत्या गाडीला हात करून 'ऑइल गळतंय' सांगणाऱ्यांपासून सावध राहा, आमच्या बाबतीत काय झालं ते वाचा

ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे घरच्यांना घेऊन हायवेला जातात त्यांनी लांब असलं तरी हे पूर्ण वाचा. आम्हाला ज्या पद्धतीने लुबाडलं ती पद्धत एकदा नीट डोक्यात बसली की त्या मार्गाने तुम्हाला कोणी हात लावू शकणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

संध्याकाळची वेळ, गाडीत मी, बायको आणि मागे आई. गाडीला काहीही प्रॉब्लेम नव्हता, टेंपरेचरचा काटा मध्यावर, डॅशबोर्डवर एकही लाइट नाही, पिकअप नेहमीसारखा. एके ठिकाणी ट्रॅफिक तुंबल्यामुळे गाड्या अगदी मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, तिथून बाहेर पडून थोडं पुढे आलो तर एक बाईकवाला शेजारी येऊन पुढच्या चाकाकडे बोट दाखवायला लागला, ऑइल गळतंय ऑइल गळतंय असं ओरडून पुढे गेला. मी स्पीड कमी केला पण थांबलो नाही. तेवढ्यात मागून एक कारवाला हॉर्न वाजवत आला आणि त्यानेही त्याच चाकाकडे हात केला. इथेच खरी मेख आहे. एकाने सांगितलं तर आपण सोडून देतो, पण एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन माणसं तेच सांगतात म्हटल्यावर खरं वाटणारच, आणि ते दोघं एकाच टोळीतले असतात.

गाडी कडेला घेतली, इंडिकेटर चालू केले, उतरून बघतो तर चाकाच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगवर, टायरवर काळं ऑइल उडालेलं. मघाचा बाईकवाला पुढे थांबलेलाच होता, तो परत आला. "दादा, शॉकअप फुटलाय तुमचा, असेच गेलात तर स्टीअरिंग लॉक होईल, मागे आई बसल्यात." (शॉकअप म्हणजे चाकाचे धक्के झेलणारी ऑइल भरलेली नळी.) आणि काय योगायोग, त्याच्या ओळखीचा मेकॅनिक तिथून जवळच काम करून परत निघाला होता म्हणे, फोन केल्या केल्या बॅग घेऊन हजर.

त्या मेकॅनिकने आधी चाकाजवळ बसून मान हलवली आणि मग म्हणाला बॉनेट उघडा, वरून शॉकअपचं माउंटिंग बघायला लागेल. बॉनेट उघडलं. "दादा, आत बसा आणि जरा रेस द्या." मी आत बसलो, रेस दिली, आणि गाडी एकदम थरथरायला लागली, मिसिंग मारायला लागली, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा लाइट लुकलुकायला लागला. आतापर्यंत लोण्यासारखी चालणारी गाडी डोळ्यादेखत बिघडली होती. तो बाहेरून ओरडला, बंद करा बंद करा, शॉकअपचं ऑइल सेन्सरवर गेलंय, सेन्सर शॉर्ट झाला!

ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या माणसाला उघड्या बॉनेटमागचं काहीच दिसत नाही, दिसते फक्त पत्र्याची आतली बाजू. तुम्हाला आत बसवून रेस द्यायला लावतात ते यासाठीच. पलीकडे त्याने काय केलं ते पुढे सांगतो.

मग बॅगेतून एक खोका निघाला, नवीन सेन्सर म्हणे, नशीब तुमचं की माझ्याकडे एक शिल्लक होता. परत थोडी खुडबुड, परत रेस, आणि गाडी एकदम नॉर्मल. शॉकअपला पण काहीतरी सील बसवल्यासारखं केलं, चाकावर कापड मारलं. रक्कम ऐकून बायकोने विचारलं की जुना सेन्सर दाखवा आणि खोक्याचा फोटो काढू द्या, तर त्याने खोका बॅगेत टाकला आणि म्हणाला तो कंपनीला परत करायचा असतो. बिल मागितलं तर बिलबुक दुकानात. एवढ्यात बाईकवाल्याचं सुरू झालं, अंधार पडतोय, हा पट्टा चांगला नाही, आईंना घेऊन इथे थांबू नका. आई मागे घाबरून बसलेली. महिन्याच्या पगारातला मोठा घास गेला आणि दोघं दोन दिशांना निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने शॉकअपवर बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाला हे शॉकअपचं नाहीच, हे वापरलेलं इंजिन ऑइल आहे, बाहेरून मारलंय. शॉकअप खरंच लीक असेल तर ऑइल वरून, म्हणजे दांडा जिथे नळीत शिरतो तिथल्या सीलमधून पाझरतं आणि नळीवर खाली ओघळतं, त्यावर धूळ चिकटून काळा थर होतो. आमच्या सीलजवळ कोरडं ठणठणीत होतं आणि ऑइल मात्र टायरवर, स्प्रिंगवर, मडगार्डच्या आत असं शिंतोड्यांनी उडालेलं. त्याने सगळं पुसून दिलं, त्यानंतर कित्येक दिवस गाडी चालवली, एक थेंब नाही. आणि शॉकअप लीक झाला म्हणून स्टीअरिंग लॉक होत नाही. गाडी जास्त उसळते, ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं, टायर कुठेकुठे जास्त झिजतो, दुरुस्ती करावीच लागते, पण त्याच मिनिटाला रस्त्यात करायची गोष्ट नाही ती.

मग त्याने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, त्यात कोड निघाला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. बॉनेट उघडून दोन नंबरची इग्निशन कॉइल, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला करंट देणारा भाग, दाखवली, तिच्या सॉकेटचं प्लास्टिकचं लॉक ताजं तुटलेलं. बाकी एकाही सेन्सरला कोणी पाना लावलेला नव्हता, सगळ्यांवर सारखीच धूळ, नवीन असं काही बसवलेलंच नाही. मग तो म्हणाला आत बस आणि गाडी स्टार्ट कर. त्याने गाडी बंद असताना कॉइलचं सॉकेट काढून ठेवलेलं, स्टार्ट केल्यावर तीच थरथर, तोच लुकलुकणारा लाइट. परत बंद करून सॉकेट बसवलं, गाडी ठीक. चार सिलिंडरची गाडी तीनवर चालली की अशीच हलते. म्हणजे बॉनेटमागे त्या माणसाने हेच सॉकेट उपसलं होतं आणि 'नवीन सेन्सर' म्हणून तेच परत बसवलं. हे घरी करून बघू नका, कॉइलमधून हजारो व्होल्टचा दाब निघतो, आणि मिसफायर होणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो तापून खराब होऊ शकतो. म्हणजे त्या माणसाने नुसते पैसे घेतले नाहीत, माझ्याकडून रेस देववून दुसरं मोठं नुकसान पण करून ठेवलं असतं.

आणि ऑइल कधी उडवलं? बायकोला आठवलं, ट्रॅफिकमध्ये गाड्या सरकत होत्या तेव्हा एक पोरगा बाटली घेऊन आमच्या गाडीला खेटून गेला होता. म्हणजे गाडी तिथेच निवडली गेली होती.

माझं आता ठाम मत आहे की अशा लोकांना आपल्या गाडीत बिघाड शोधायचाच नसतो, त्यांना फक्त बॉनेट उघडून हवं असतं, बिघाड ते स्वतः तयार करतात. बॉनेटची कळ आतमध्ये आपल्याकडे असते. ती ओढायची नाही, संपलं.

आता कोणी हात केला तर काय करायचं. पहिल्यांदा आपला डॅशबोर्ड बघा. टेंपरेचर ठीक, ऑइल प्रेशरचा लाल लाइट नाही, ब्रेक पेडल नेहमीसारखं कडक, स्टीअरिंग एका बाजूला ओढत नाही, धूर नाही, जळका वास नाही, चाक फटफट करत नाही, तर काच न उघडता हात दाखवून आभार माना आणि हळू चालवत जिथे उजेड आणि माणसं आहेत अशा ठिकाणी जा, पेट्रोल पंप सगळ्यात बरा, आणि तिथे स्वतः उतरून बघा. पण याचा अर्थ कोणाचंच ऐकायचं नाही असा नाही हं. खरोखर चांगल्या मनाने सांगणारे लोक पण असतात, ते सांगून निघून जातात, पुढे वाट बघत थांबत नाहीत आणि त्यांच्या ओळखीत मेकॅनिक नसतो. लाल ऑइल लाइट लागला किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र पंपापर्यंत जाऊ म्हणू नका, पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, ऑइलशिवाय इंजिन फार थोड्या वेळात जाम होतं.

कशातून काय गळतं हे ओळखता आलं तर कोणी घाबरवू शकत नाही. एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी म्हणजे काहीही बिघाड नाही, एसीत हवेतलं बाष्प थंड होऊन ते पाणी होतं आणि नळीतून खाली पडतं, यावरून पण लोकांना घाबरवतात. इंजिन ऑइल तपकिरी नाहीतर काळं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं आणि त्याला गोडसर वास येतो. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळं, जुनं झालं की काळपट, हे चाकाच्या आत किंवा पेडलखाली दिसलं आणि पेडल मऊ लागलं तर गाडी पुढे न्यायचीच नाही. पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा गाडीत ठेवा, थोडा वेळ गाडीखाली सरकवला की रंग आणि थेंब कुठून पडतोय दोन्ही कळतं. बाहेरून शिंपडलेलं असेल तर पुसल्यावर परत येत नाही.

गाडी खरंच बंद पडली तर पैशापेक्षा जीव महत्त्वाचा. चारही इंडिकेटर चालू, गाडी होईल तितकी कडेला, आणि ट्रॅफिक नसलेल्या बाजूच्या दाराने सगळ्यांनी उतरायचं. वेगाच्या रस्त्यावर गाडीत बसून राहू नका आणि गाडीच्या मागे किंवा पुढे पण उभे राहू नका, मागून कोणी ठोकलं तर आपलीच गाडी अंगावर येते. रेलिंग असेल तर रेलिंगच्या पलीकडे. उतरणं धोक्याचं वाटत असेल तर आतच, सीट बेल्ट लावून, दारं लॉक करून फोन लावा. लाल त्रिकोण बराच मागे ठेवायचा असतो, पण त्यासाठी वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या समोरून चालायला लागणार असेल तर राहू द्या. रात्री उभ्या गाडीचे टेललाइट झाकले जातील असं मागे कोणी थांबणार नाही हे पण बघा.

गाडी गरम झाली असेल तर एसी बंद करून हीटर फुल करा, इंजिनची उष्णता थोडी बाहेर पडते, आणि बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही आणि दुसऱ्याला पण उघडू द्यायचं नाही. आत दाब असतो, त्या दाबामुळे कूलंट १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास सरळ वाट बघायची.

पंक्चरवाल्यांचं पण थोडं सांगतो. एका खिळ्याचं पंक्चर दुकानात गेल्यावर चार-पाच पंक्चर होतं, हे बऱ्याच जणांनी भोगलंय. हातात बारीक टोचा असतो, पाणी मारता मारता टोचत जातो. त्यामुळे उतरून चाकाजवळच उभं राहायचं, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे स्वतः बघायचे, आणि प्रत्येक छिद्रातून खिळा किंवा तार काय निघालं ते हातात मागायचं. टायरच्या साइडवॉलचं, म्हणजे बाजूच्या भिंतीचं, पंक्चर काढतो म्हणाला तर नाही म्हणा, ते सुरक्षित नसतं, स्टेपनी लावा.

आणि ती स्टेपनी हवा असलेली पाहिजे! बहुतेकांची वर्षानुवर्षं डिकीत तशीच पडून असते. चाकांची हवा चेक कराल तेव्हा पाचवं चाक पण चेक करायचं, टायर थंड असताना, किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टायर किती जुना ते पण टायरवरच असतं, टायरवर कोरलेल्या डीओटी (DOT) अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर बघायची. आपल्या गाडीचं ऑइल किती खालीवर असतं हे ज्याला माहीत आहे त्याला रस्त्यात कोणी 'ऑइल संपलंय' सांगून डबा विकू शकत नाही.

शेवटचं म्हणजे टोइंग. न बोलवता क्रेन आली तर तिला गाडी लावू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. इन्शुरन्सचा किंवा गाडीच्या कंपनीचा रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा, बायकोच्या आणि आईच्या फोनमध्ये पण, आणि कोण येणार आहे, गाडी नंबर काय, किती वेळात, हे त्यांच्याकडून फोनवरच घ्या, येणाऱ्या माणसाशी ते जुळलं तरच हुक लावू द्या. आधी रक्कम, मग कुठे सोडणार ते, मगच गाडी उचलायची. आणि पैसे गेलेच असतील तर पेमेंटचा स्क्रीनशॉट, बाईकचा नंबर, जागा आणि वेळ लगेच लिहून ठेवा आणि पोलिसात द्या, आमच्याकडे बाईकचा नंबर होता कारण आईने मागच्या सीटवरून तिच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवला होता, तक्रार त्यावरच घेतली गेली.