घरगुती पीक फ्लो मीटर : ज्येष्ठांचा लपलेला दमा ओळखायला कितपत उपयोगी?

घरात सत्तरीपुढचे माणूस असेल, त्याचा खोकला हटत नसेल आणि तरीही दम्याचा विचार कोणाच्या मनात आला नसेल, तर काहीशे रुपये खर्चून फुंकरीचा वेग मोजणारे पीक फ्लो मीटर घ्यावे का? माझ्या मते अवश्य घ्यावे. मात्र ते दम्याचे निदान करणारे यंत्र आहे असे समजून नव्हे. आमच्या गिरगावातल्या घरी ते सासूबाईंसाठी गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे आणि त्याच अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. आमच्या उपकरणात जे दोष आढळले, ते थोड्याफार फरकाने बाजारातल्या इतर उपकरणांतही असू शकतील, म्हणून कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

उपकरण म्हणजे वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी. एका टोकाला तोंडात धरण्याचा भाग, वरच्या अंगाला एक खाच, खाचेत सरकणारा काटा आणि शेजारी ६० ते ८०० अशी मोजपट्टी. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे आणि एकाच झटक्यात जोराने फुंकायचे. काटा जिथे थांबेल तो आकडा म्हणजे हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडली, त्याचे लीटर प्रतिमिनिट असे माप. ना बॅटरी, ना मोबाइलवरचे अ‍ॅप. बॅसिल राइट यांनी १९५९ च्या सुमारास पुढे आणलेल्या मोठ्या, जड उपकरणाची ही सुटसुटीत आवृत्ती आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत अशा मापाची गरज अधिक आहे, कारण वय वाढते तशी श्वासनलिका आवळल्याची जाणीव बोथट होते. तरुण माणूस ज्या अवस्थेत ‘दम लागला’ म्हणून खिडकीकडे धावेल, त्या अवस्थेत म्हातारे माणूस नुसते ‘आज थकल्यासारखं वाटतंय’ म्हणते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोच असे नाही. पहाटे येणारा कोरडा खोकला, छातीवर दडपण आल्यासारखे वाटणे, रात्री उठून बसावे लागणे, एवढ्यावरच दमा वर्षानुवर्षे निभावून नेला जातो. त्यातच माणूस नकळत स्वतःच्या हालचाली आखडत्या घेते : आधी देवळात जाणे बंद होते, मग मंडईत, मग जिना उतरणेच. सासूबाई जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर शेजारणीच्या दाराशी थांबत. हात कठड्यावर, पदर सारखा केल्याचा आविर्भाव, आणि श्वास जागेवर आला की मगच ‘काय गं, आज भाजी काय आणलीस?’ हा प्रश्न. विचारले तर उत्तर ठरलेले : ‘मला काही होत नाही गं, वय झालं आता.’ अशा माणसाच्या सांगण्यापेक्षा काट्याचा आकडा भरवशाचा ठरतो.

अर्थात तो आकडा भरवशाचा असावा यासाठी फुंकण्याची रीत जमावी लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. शक्य असेल तर उभे राहून आणि प्रत्येक वेळी काटा खाली शून्याकडे आणून तीनदा फुंकायचे; तिन्हींपैकी सर्वांत मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. सुरुवातीला सासूबाईंचे बोट खाचेवर येत असे आणि काटा तिथेच अडत असे. ‘आई, बोटं खालच्या बाजूला धरा आणि मेणबत्ती विझवता ना, तसं एकदम फुंका,’ असे सांगितल्यावर हात बसला. कवळी सैल असेल तर ओठांच्या कडेने हवा निसटते आणि आकडा घसरतो. उलट काहीजण जीभ पुढे लोटून थुंकल्यासारखे फुंकतात, तेव्हा आकडा खोटाच फुगतो. म्हणून पहिले काही दिवस तरी शेजारी बसून पाहावे. ‘नळी दिली, आता करा तुमचे तुम्ही’ हे ज्येष्ठांच्या बाबतीत चालत नाही.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. अर्थ आहे तो सकाळ-संध्याकाळच्या फरकाला. सकाळी उठल्यावर, औषध घेण्यापूर्वी १८० आणि संध्याकाळी २४० आले, तर फरक ६० आणि दोहोंची सरासरी २१०, म्हणजे चढउतार सुमारे २९ टक्के. प्रौढांमध्ये एक-दोन आठवड्यांच्या नोंदींत हा रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांहून अधिक निघाला, तर दम्याची शंका बळावते. हृदयविकारामुळे किंवा धूम्रपान आणि चुलीच्या धुराने जडलेल्या सीओपीडी या श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसविकारामुळे लागणारा दम सहसा असा सकाळ-संध्याकाळ हिंदकळत नाही. आमच्या वहीत पहाटेचे आकडे सातत्याने खाली दिसले, आणि ती वही घेऊनच आम्ही छातीविकार तज्ज्ञांकडे गेलो.

उपकरणाची मर्यादा तिथे स्पष्ट झाली. निदानासाठी डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करायला सांगितली : एकदा फुंकर घेतात, मग श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकर घेतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलीटर अशा दोन्ही मापांनी वाढली, तर तो दम्याच्या बाजूचा ठोस पुरावा मानला जातो. ही तपासणी महागड्या खासगी रुग्णालयातच होते असे नाही. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही छातीविकार विभाग आहेत. मुंबईत दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची क्षयरोग तपासणीही करून घ्यावीच, मग मीटरचा आकडा काहीही असो.

वहीचा आणखी एक उपयोग झाला. तिच्या मागच्या पानावर आम्ही चालू असलेली सर्व औषधे लिहिली होती, त्यांत काचबिंदूसाठीचे थेंबही होते. ते टिमोलॉलचे निघाले. हे औषध बीटा-ब्लॉकर गटातले. डोळ्यांत घातले तरी अश्रुमार्गातून नाकात उतरून रक्तात शोषले जाते आणि दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकते. औषधांबद्दल विचारले की लोक गोळ्या सांगतात, थेंब सांगत नाहीत. नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने थेंब बदलले गेले. ते आपल्या मनाने बंद करणे मात्र धोक्याचे, कारण काचबिंदू दृष्टी हिरावून घेतो. गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या काही रुग्णांत दमा चाळवतात, आणि रक्तदाबावरच्या रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी नुसताच कोरडा खोकला येऊ शकतो, म्हणून तीही नावे यादीत हवीत.

आता तक्रारी. मोजपट्टीवरचे आकडे इतके बारीक आहेत की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना ते ट्यूबलाइटखालीही वाचता येत नाहीत. ६० ते ८०० ही पट्टी धडधाकट माणसासाठी ठीक आहे. छोट्या चणीच्या वृद्ध स्त्रीचा काटा तिच्या खालच्या भागातच घुटमळतो. कमी मापाची वेगळी उपकरणे मिळतात, पण आमच्या केमिस्टकडे ती नव्हती. सोबतच्या माहितीपत्रकात मराठीची एक ओळ नाही. हिरवी, पिवळी, लाल अशा तीन खुणा पट्टीवर बसवता येतात : स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा पट्टा, ५० ते ८० टक्के पिवळा आणि त्याखाली लाल. कल्पना उत्तम, पण खुणा सैल असल्याने धुताना जागा सोडतात. त्यामुळे हे तीन आकडे मी नेलपॉलिशने नळीच्या पाठीवरच लिहून टाकले.

लाल पट्ट्यात आकडा गेला, एक वाक्य एका दमात पुरे होईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर पुन्हा पुन्हा फुंकून पाहत बसू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले तातडीचे औषध द्यावे आणि १०८ ला फोन करावा.

निदानानंतर मीटरचे काम बदलते. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे ते दाखवते. सासूबाईंची सांधेदुखी पाहता डॉक्टरांनी स्पेसर, म्हणजे औषधाचा फवारा क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी, जोडलेला पंप दिला, कारण पंप दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे हा मेळ आखडलेल्या बोटांना जमत नाही, तर पावडरच्या इन्हेलरसाठी लागणारा जोरकस श्वास अनेक ज्येष्ठांकडे नसतो. पंपाची सवय लागते, ही समजूत आमच्याही इमारतीत पक्की आहे. प्रत्यक्षात तसे नसते : पंपातल्या, म्हणजे इन्हेलरमधल्या, स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि पंप घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी येण्याचा त्रास बराचसा टळतो.

वहीत तारखेपुढे एक शब्द लिहायची सवय ठेवल्यास घरातली कारणेही उमगतात. आमच्याकडे ‘ओल’, ‘धूप’, ‘खाट’ आणि ‘कॉइल’ हे शब्द पडलेल्या आकड्यांशेजारी वारंवार दिसले. मिरचीची खाट, म्हणजे झोंबणारा धूर, उठण्यापूर्वी स्वयंपाकघराचे दार लावणे आणि मच्छरची कॉइल सोडून जाळी बसवणे लगेच जमले. चाळीच्या भिंतीतली पावसाळी ओल आणि तिच्यावरची बुरशी मात्र अजून आटोक्यात आलेली नाही, आणि बाहेर चाललेल्या बांधकामांच्या धुळीपुढे तर खिडकी लावण्याखेरीज उपाय नाही.

विस्मरणाचा आजार असलेल्या किंवा सूचना समजून घेणे जड जाणाऱ्या माणसासाठी हे उपकरण घेऊ नये. तिथे आकडे दिशाभूल करतील. त्यांच्या बाबतीत रात्रीचा खोकला, उशांची वाढलेली संख्या आणि टाळली जाणारी कामे यांची नोंद करून ती डॉक्टरांना दाखवणेच बरे. इतरांनी खरेदी करताना काटा अडखळत नाही ना, हे दुकानातच हलवून पाहावे, मापाची मर्यादा वाचावी आणि एकदा घेतलेले मीटर मध्येच बदलू नये, कारण दोन वेगळ्या नळ्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.