तामा आयर्न कोब्रा ९०० डबल पेडल: दीड वर्ष, रोज डाव्या पायापासून

डबल पेडल म्हणजे एकच बेस ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं पेडल. हे घ्यायच्या आधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी मला वेगाबद्दलच सांगितलं. किती बीपीएमपर्यंत (मिनिटाला किती मात्रा) जातं, कोण यावर काय वाजवतं. माझं दुखणं वेगळंच होतं. १२०च्या लयीत एका मात्रेत चार ठोके घेतले की माझी किक (बेस ड्रमचे ठोके) लंगडायची. उजवा ठोका ठाम पडायचा आणि डावा त्याच्या मागून दबक्या आवाजात यायचा. बँडमधल्या बेस गिटारवाल्याला ते माझ्याआधी ऐकू आलं होतं.

तीन वर्षं मी सगळा दोष डाव्या पायाला दिला. मग एकदा जुन्या पेडलवर (नाव घेत नाही) डावा बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) नुसता हाताने हलवून पाहिला. जवळजवळ बोटाच्या जाडीइतका तो मागे-पुढे झाला आणि डावा फूटबोर्ड, म्हणजे पायाखालची फळी, ढिम्म हलला नाही. घोडं पेंड खात होतं ते दोन पेडलांना जोडणाऱ्या दांड्याच्या, शाफ्टच्या, सांध्यात. डाव्या पायाचा जोर त्या शाफ्टमधून पलीकडच्या बीटरपर्यंत जातो. सांधा झिजून ढिला झाला असेल, तर पायाची पहिली हालचाल ती ढिलाई भरून काढण्यातच जाते. १२०ला चार ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा आठवा भाग, १२५ मिलिसेकंद. रेकॉर्डिंगमध्ये माझा डावा ठोका त्यातले वीसेक मिलिसेकंद उशिरा येत होता. एवढा उशीर कुणाच्याही कानाला कळतो.

पूर्वी दोन वेगळे बेस ड्रम ठेवून वाजवायचे. जाझ ड्रमर लुई बेल्सन तसंच वाजवायचे. तेव्हा प्रत्येक पायाखाली स्वतंत्र पेडल असायचं, मधे शाफ्ट नव्हता. ड्रम वर्कशॉप कंपनीचं ५००२ हे डबल पेडल १९८३ साली आलं. एकाच ड्रमवर दोन बीटर ही सोय फार मोठी आहे, पण ती सगळी त्या शाफ्टच्या भरवशावर चालते. म्हणून डबल पेडल बघायला गेलात की आधी बीटर हातात धरून हलवा. आयर्न कोब्रावर मी तेच केलं. बीटर हलला त्याच क्षणी डावा फूटबोर्डही हलला. घ्यायचं ते तिथेच ठरलं. दीड वर्षानंतर आजही हाताला ढिलाई लागत नाही.

माझं मॉडेल पॉवर ग्लाइड कॅमचं आहे. कॅम म्हणजे फूटबोर्डची चेन ज्यावरून जाते ते चाक. हा कॅम पूर्ण गोल नसतो, त्यामुळे ठोक्याच्या शेवटी शेवटी बीटर जास्त वेगाने चामड्यावर येतो. रोलिंग ग्लाइडचा कॅम गोल असतो आणि त्यात पायाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच लागतं. मी रॉक वाजवते, मला छोट्या हालचालीत भरीव आवाज हवा होता, म्हणून पॉवर ग्लाइड. नव्याने डबल शिकणाऱ्याला मात्र मी रोलिंग ग्लाइडच सुचवेन. पाय जे करतो तेच त्यावर सरळ ऐकू येतं. एकदा मित्राकडे चेनऐवजी लोखंडी दुव्याचं, डायरेक्ट ड्राइव्ह पेडलही दोन तास वाजवलं. त्यावर माझ्या घोट्याची बारीकशी थरथरसुद्धा ड्रमवर ऐकू आली. पाय पक्के बसलेल्यांना ते आवडेल. मला चेनचा थोडासा मऊपणा बरा वाटतो.

पेडल खोक्यातून काढून जोडलं आणि ठोके एकसारखे झाले, असं अजिबात नाही. पहिला आठवडा जुळवाजुळवीत गेला. डाव्या पायाला बीटरबरोबर शाफ्टही फिरवावा लागतो, म्हणून बीटर मागे खेचणाऱ्या दोन्ही स्प्रिंग सारख्या आवळल्या तरी डावी बाजू जड लागते. मी डावी स्प्रिंग दीड फेरा जास्त आवळली, मग दोन्ही फूटबोर्ड तळव्याला सारखे परत येऊ लागले. हा दीड फेरा माझ्या पायाचा आहे, तुमचा वेगळा असेल. बीटरच्या दांड्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीने खूण करून दोघांची उंची एक केली आणि दोन्ही बीटर चामड्यापासून सारख्या अंतरावर थांबतात का ते पट्टीने मोजलं. डावा बीटर एक सेंटिमीटर जास्त मागे होता. तेवढा एक सेंटिमीटर मी आधी पायाच्या माथी मारला असता. मग डाव्या बाजूच्या हाय-हॅटचा (झांजांच्या जोडीचा) स्टँड थोडा सरकवून शाफ्ट जमेल तितका सरळ केला, कारण तो फार तिरका गेला की सांध्यांना फिरायला जड जातं. फूटबोर्डखाली कोब्रा कॉइल नावाची स्प्रिंग आहे, ती बोर्डाला खालून वर ढकलते. लांबलचक वाजवताना पाय थकतो आणि बोर्ड वेळेवर वर येत नाही, तिथे तिचा उपयोग जाणवतो.

यापुढचं सगळं काम पायाचं. रोज पंधरा मिनिटं ८०वर आणि सुरुवात डाव्याने. उजव्याने सुरुवात केली की डावा नुसता मागे मागे येतो. डाव्याने सम धरली की त्याला जबाबदारी घ्यावी लागते. पहिले दोन आठवडे हे इतकं अवघड गेलं की हातातला साधा ठेकाही विस्कटायचा.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते १४० ते १६५च्या पट्ट्याने. १४०पर्यंत मी मांडीपासून अख्खा पाय उचलून वाजवायचे आणि आवाज दणदणीत यायचा. १६५च्या पुढे अख्खा पाय उचलायला वेळच नसतो, तिथे टाच वर ठेवून फक्त घोटा चालतो. मधल्या पट्ट्यात माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मांडी दमायची, घोटा सुरूच व्हायचा नाही आणि ठोके चुरगळायचे. मेट्रोनोम (लयीची टिकटिक) दर आठवड्याला दोन-दोन आकड्यांनी वाढवायला बघत होते, पण चार महिने मी १४८लाच अडकून होते. सुटका झाली ती उलट्या वाटेने. घोट्याची हालचाल ९०ला आणली, टाच वर, मांडी स्थिर, ठोके छोटे आणि हळू. पोटरी आणि नडगीच्या पुढचा स्नायू त्या हालचालीला ओळखू लागले. दुसरीकडे १६० लावून एक आवर्तन वाजवायचं, एक सोडायचं. हळूहळू दोन्ही हालचाली १५०च्या आसपास एकमेकींना भेटल्या. नडगी जळायला लागली की मी थांबते. आखडलेल्या पायाने गिरवलेली चूकच पक्की होते.

स्टूलही दोन बोटं वर केलं, मांड्या कमरेपासून किंचित खाली उतरतील इतकं. दोन्ही पाय हवेत असताना तोल कमरेने सांभाळायचा असतो. स्टूल खाली असताना तो तोल मी पायांनीच सांभाळत होते.

एकसारखेपणा कानाने तपासायला मला उशिरा जमलं, डोळ्यांनी आधी. फोन बेस ड्रमसमोर उशीवर ठेवायचा, दोन मिनिटं वाजवायचं आणि ध्वनीच्या लाटा मोठ्या करून बघायच्या. सुरुवातीच्या महिन्यात एक उंच, एक बुटकी अशी कुंपणासारखी रांग दिसायची. सहाव्या महिन्यात उंची जुळली, अंतरं जुळायला अजून दोन महिने गेले. आधी आवाज जुळतो, वेळ नंतर, निदान माझ्या बाबतीत तरी.

पेडल वजनाने जड आहे. ते कार्यक्रमांना नेताना खांद्याला कळतं, वाजवताना मात्र तेच वजन त्याला जागेवर धरून ठेवतं. गुळगुळीत फरशीवर खाली सतरंजी घ्याच. महिन्यातून एकदा चेनला तेलाचा थेंब द्यायचा आणि बीटरचे स्क्रू तपासायचे, एवढीच देखभाल मी केली आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा मी माझ्यासारख्या रोज बॅगा उचलणाऱ्यांसाठी राखून ठेवला.

काल १६८वर तीन मिनिटं सलग वाजवलं. लाटा पाहिल्या. अडीच मिनिटांपर्यंत उंची सारखी, मग डावी बाजू थोडी खाली येत गेलेली. आज डावी स्प्रिंग पाव फेरा सैल करून तेच परत वाजवणार आहे.